गुडघ्याशी मेणबत्ती

ग्विमार, तेनेरिफे बेट
४ मार्च १९५१

ती. ओबदुलियाताईस,
एलादियोचा सा. न. वि. वि.

पुन्हा तेच! तीनदा लिहिलं, गोफिओचं पीठ पाठव, सुकी अंजिरं पाठव. गाठोडं सोडलं तर बाबांच्या मेणबत्त्या! आमच्या टोळीतल्या सेवेरोनं सगळ्यांदेखत विचारलं, बोगद्यात पाद्री नेमलाय का म्हणून. बाबांना सांग, ते बोगदे खणायचे तो काळ गेला. आता आमच्या कपाळावर कार्बाइडचे दिवे असतात.

पाण्यासाठी डोंगरात दोन किलोमीटर शिरलोय. मुकादम म्हणतो, पुढची काळी भिंत फोडली की मागं पाणीच पाणी. चार वर्षं हेच म्हणतोय. दिवा छान जळतो, पण आठवडाभर डोकं ठणकतंय, पायांत जीव नाही. आईला सांगू नकोस.

तुझा,
एलादियो

एल येरो बेट
१३ मार्च

चि. एलादियोस अनेक आशीर्वाद.

आईला नाही सांगितलं, बाबांना सांगितलं. भरल्या ताटावरून उठले रे ते. म्हणाले, कार्बाइडचा दिवा निर्लज्ज. माणूस कोसळला तरी जळत राहतो. घाण हवा खाली साचते, म्हणून मेणबत्ती गुडघ्याशी धर. ती आधी विझते. विझली की पळायचं. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही. त्या सेवेरोला म्हणावं, हसणं फुकट असतं, शवपेटी नाही.

नाहीतर सरळ घरी ये. आमचा लोभ आहेच, तुझी अक्कलही शाबूत राहो.

ओबदुलिया

ग्विमार
२४ मार्च

ती. ताईस सा. न.

पत्र मिळालं त्याच दिवशी मेणबत्ती नेली. कपाळावरचा दिवा झगझगीत, आणि गुडघ्याशी ज्योत कुणी चिमटीत धरावी तशी विझली. मी ओरडलो. सगळे पळाले. सेवेरो जेवणाचा डबा घ्यायला वाकला तो उठलाच नाही. दोन तासांनी दोरानं ओढून काढला, तेव्हाही त्याचा दिवा जळतच होता. डोळे मिटले की तोच दिसतो.

घरी ये म्हणतेस. आपली टाकी कोरडी, शेळ्या विकल्या, येऊन काय करू? हवेसाठी पंखा बसवलाय म्हणतात. सोमवारी पुन्हा आत. आता कुणी हसत नाही; आम्ही अकरा जण, माझ्याकडे मेणबत्त्या दोन, आणि इथलं दुकान रिकामं.

बाबांच्या पायांवर डोकं. माझी आठवण ठेवा.

एलादियो

ता. क. पीठ नको, अंजिरं नको. सगळ्या पैशांच्या मेणबत्त्याच घे, पहिल्या बोटीनं धाड. सोबत दोनशे पेसेता.