प्रवासी : निरंक

ती. सखुआत्या,

तुमच्या साखरा गावाकडे तोंड करून (म्हणजे आमच्या इमारतीत जनरेटरच्या खोलीकडे तोंड करून) मंजुषाचा नमस्कार. मामांचा गुडघा कसा आहे? तेलाने बरा झाला की डॉक्टरने, ते नक्की कळव, कारण घरी दादा त्या गुडघ्यावर रोज नवा इलाज सांगतात आणि स्वतःचा गुडघा मात्र कुणाला दाखवत नाहीत. सोयाबीन निघालं का? तुझी स्कूटी आता वळणावर पाय न टेकवता वळते का? (माझी आत्या बासष्टाव्या वर्षी स्कूटी शिकली असं मी ऑफिसात अभिमानाने सांगितलं, तर आमचा शिपाई वसराम म्हणाला, “काहून शिकल्या पन?” का शिकलीस ते तू कळव, मी त्याला सांगते.) इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. गच्चीवरची टाकी तेवढी कुशल नाही.

दादांनी आपल्या गावी, गोरेगावात, सगळ्यांना सांगितलंय की पोरगी अख्खी सरकारी इमारत सांभाळते. ते खरंच आहे, फक्त इमारत मला सांभाळून घेत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर मी इथली देखभाल अभियंता. तळमजला, पहिला आणि दुसरा असे तीन मजले, त्यात सात कार्यालयं. बावीस नळ आहेत, त्यातले एकोणीस टपकतात आणि उरलेल्या तिन्हींना पाणीच येत नाही. कुलपं सत्त्याऐंशी आणि किल्ल्या एकशे बारा. जास्तीच्या पंचवीस किल्ल्या कशाच्या, हा विचार मी रोज गोरेगावहून येताना जीपमध्ये बसून करते. एका साहेबांचा पंखा हळू फिरतो म्हणून तक्रार आली. तो दुरुस्त केला तर आता कागद उडतात अशी तक्रार आली, तीही लेखी, त्याच टेबलावरून. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. एखादी गोष्ट कशी चालते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. (तुझी शिलाई मशीन मी सातवीत असताना उघडली होती. ती कशी चालते ते मला कळलं. नंतर ती चालली नाही, हा भाग वेगळा.)

तर या इमारतीत एक लिफ्ट आहे. सरकारी कागदावर तिला उद्वाहन म्हणतात, आणि पहिल्या दिवशी त्या नावाचं पत्र वाचून मी तासभर पार्किंगमध्ये एखादी जुनी जीप शोधत होते. तिची एक वही असते. तारीख, वेळ, बिघाड आणि शेवटचा रकाना प्रवासी संख्या. वही वसराम भरतो, सुंदर अक्षरात. मी रुजू झाले तेव्हा मागची पानं चाळली: प्रवासी निरंक (म्हणजे शून्य), निरंक, निरंक. मग यंत्राच्या खोलीत जाऊन फेऱ्यांचा आकडा पाहिला, तर लिफ्ट दिवसाला चाळीस-पंचेचाळीस फेऱ्या करत होती. आता मला सांग, आत कुणीच बसत नाही तर ती दिवसभर वर-खाली कुणासाठी करते? दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आकडा बिघडला असेल म्हणून तो तपासला, तो बरोबर होता. वसरामला विचारलं, तर तोही बरोबर होता. माणूस बसला तर लिहीन की मॅडम, म्हणाला.

शेवटी मी एका सोमवारी सकाळी तळमजल्यावर, लिफ्टसमोर, नळदुरुस्तीचं सामान पसरून बसले आणि नळ दुरुस्त करण्याचं नाटक केलं. (त्या नादात एक नळ खरोखर दुरुस्त झाला.) दहा वाजून पाच मिनिटांनी चहावाला योगेश आला. किटली आणि ग्लासांची जाळी लिफ्टमध्ये ठेवली, दोनचं बटण दाबलं, आणि दार मिटायच्या आत बाहेर उडी मारून जिन्याने पळत सुटला. मी मागे धावले. वरच्या मजल्यावर किटली आणि योगेश एकाच वेळी पोचले. मग वसराम आला, त्याने फायलींचे गठ्ठे आत ठेवले, लिफ्टला हात जोडले आणि जिना धरला. झाडणाऱ्या पद्माबाईंनी बादल्या आणि खराटा पाठवला. जवळा बाजारचा एक म्हातारा सातबाऱ्यासाठी आला होता. त्याने कांद्याचं पोतं, छत्री आणि डोक्यावरचं मुंडासं आत ठेवलं, कुणी न सांगता, आणि काठी टेकत टेकत पायऱ्या चढला. आत्या, आमच्या इमारतीचा हा रिवाजच पडला आहे. सामान लिफ्टने जातं आणि माणूस जिन्याने. आणि वहीत सामानाचा रकानाच नाही.

आता हे कशावरून सुरू झालं, ते शोधणं आलंच. मी एकेकाला विचारलं. सगळ्यांचं एकच म्हणणं: उद्घाटनाच्या दिवशी लिफ्टमध्ये माणूस अडकला होता. कोण अडकला यावर मात्र एकमत नव्हतं. पहिल्या मजल्यावर म्हणे एक ठेकेदार, दुसऱ्या मजल्यावर म्हणे पाहुण्यांची मिसेस, आणि कँटीनमध्ये तर त्यांना बाहेर काढायला पत्रा कापावा लागला होता. (मी सगळा पत्रा हात फिरवून पाहिला. कुठेच कापलेला नाही.) पंधरा दिवसांनी धागा आमच्या रखवालदार जळबाकाकांपर्यंत पोचला. अडकलेला माणूस तेच होते. गेटवरच्या स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. उद्घाटनाला साहेबांनी त्यांना हुकूम दिला होता, लिफ्टमध्ये उभं राहायचं, पाहुणे आले की बटण दाबायचं. पण पाहुण्यांना जिन्यावर फोटो काढायचा होता, म्हणून सगळी मंडळी जिन्याने वर गेली. दार आपोआप मिटलं. जळबाकाका आत, फेटा बांधून, पाऊण तास उभे.

मी विचारलं, काका, दार उघडत नव्हतं का? ते म्हणाले, “उघडत व्हतं की. बटण माझ्या हाताखालीच व्हतं.” मग बाहेर का नाही आलात? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी वेडं विचारलं होतं. “अवो बाई, उतर म्हनून कोनी सांगितलंच न्हाई. साहेबाचा हुकूम उभा राहायचा व्हता.” पाऊण तासाने कुणाला तरी त्यांची आठवण झाली, दार उघडलं, आणि घामाघूम फेटेवाला माणूस दिसताच बाहेर ओरड झाली, अडकला, अडकला. त्यांना खुर्ची दिली, लिंबूपाणी दिलं, पाहुण्यांसाठी आणलेले पेढे दिले. एवढी तकलीफ लोकांनी घेतल्यावर आपण अडकलोच नव्हतो असं कोणत्या तोंडाने सांगणार, असा त्यांचा प्रश्न होता. मलाही तो पटला.

मला वाटलं, आता झालं. खरं काय ते कळलं, सगळ्यांना सांगू, भीती जाईल. मी सगळ्यांना बोलावून सांगितलं. लाईट गेली तरी लिफ्ट बॅटरीवर जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते, हे सिमेंटचं पोतं आत ठेवून, मेन स्विच पाडून करून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पद्माबाई म्हणाल्या, “जळबाला आतमंदी चक्कर आली असंल, त्येला आठवत न्हाई बिचाऱ्याला.” योगेशचं म्हणणं असं पडलं की पोतं बाहेर आलं कारण ते पोतं होतं. आणि वसरामने त्या दिवशीच्या रकान्यात सुंदर अक्षरात निरंक लिहिलं. शोध लावला की लोक ऐकतात, हा माझा समज इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी काढून टाकला नव्हता. तो वसरामने काढला.

इथवर गंमत होती. मागच्या आठवड्यात वरिष्ठ कार्यालयाचं पत्र आलं. सदर उद्वाहनाची प्रवासी संख्या आजतागायत निरंक असल्याने त्याची आवश्यकता दिसून येत नाही, वगैरे. येत्या शुक्रवारी तपासणीला साहेब येणार. वहीत किंवा डोळ्यांसमोर प्रवासी दिसला नाही, तर वीज तोडून दार कायमचं सील करणार. योगेशला वाईट वाटलं (किटलीसाठी). मला मात्र ज्योती आठवली.

ज्योती पाईकराव दुसऱ्या मजल्यावर अभिलेख कक्षात लिपिक आहे. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, अक्षर वसरामपेक्षाही चांगलं, आणि दोन्ही हातांत कुबड्या. ती रोज सेहेचाळीस पायऱ्या चढते. पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी थांबून बाहेर बघते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बाहेर काहीतरी चाललंय. (मी जाऊन पाहिलं. बाहेर काही नसतं.) तिला लिफ्टची भीती नाही. पण दोन्ही हात कुबड्यांत, दार लवकर मिटतं, बटण कोण दाबणार? शिवाय दारावर पाटीच आहे की अशा व्यक्तीसोबत एक जबाबदार माणूस असावा. एवढ्या इमारतीत असा माणूस मिळत नाही. बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे. नकाशात ते वरही आहे, पण बांधताना पाईप टाकायचा राहिला, म्हणून तिथे मोडक्या खुर्च्या राहतात. त्यामुळे ज्योती दिवसभर पाणी पीत नाही. हे तिने मला सांगितलं नाही. तिच्या टेबलावरची बाटली संध्याकाळी भरलेलीच असते, हे पद्माबाईंनी दाखवलं. आत्या, मला फार लाज वाटली. पंचवीस किल्ल्या कशाच्या याचा मी पाच महिने विचार करत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. लिफ्ट सील झाली तर ती पोरगी बदली मागेल किंवा नोकरी सोडेल, आणि मी मोडक्या खुर्च्यांची यादी करत बसेन.

असो. पत्र लांबलं. मामांना नमस्कार, गुडघ्याला आराम पडो. भिकाबाईंना सांग की त्यांनी दिलेलं लोणचं संपलं. पत्र साखऱ्याला जाणाऱ्या मोहनसिंगच्या जीपने पाठवते आहे, आज बुधवार, संध्याकाळपर्यंत तुला मिळेल.

तुझी लाडकी (असं मीच ठरवलंय) भाची,
मंजुषा

ता.क. : मुद्द्याचं लिहायचं राहिलं. तू उद्या गुरुवारी सकाळी अकराच्या आत स्कूटी घेऊन इकडे ये. तुला फक्त ज्योतीसोबत लिफ्टमध्ये बसून वर जायचंय आणि मोठ्याने बोलत खाली यायचंय. तू घाबरत नाहीस हे तुझ्या तोंडावरच दिसतं. तू बसलीस की पाठोपाठ पद्माबाई बसतील, पद्माबाई बसल्या की वसरामला लाज वाटेल, आणि शुक्रवारच्या आत वहीत माणसं येतील. साडी कोणतीही चालेल.

ता.क. २ : तू विचारशील, मंजे, तू काय करून राहिलीस मग, तूच का बसत नाहीस? वरच्या एवढ्या पानांत मी ते मुद्दाम टाळलं. आत्या, मी एकदाही बसले नाही. पाच महिन्यांत एकदाही नाही. ब्रेक मी तपासले ते वरून, दार तपासलं ते बाहेरून, आणि लिफ्टसोबत प्रत्येक वेळी जिन्याने धावले. तिचा एक एक स्क्रू मला ठाऊक आहे, जळबाकाका अडकले नव्हते हे तर साऱ्या जगात मला एकटीलाच पटलंय, तरी ते दार मिटताना पाहिलं की माझे पाय आपोआप जिन्याकडे वळतात. ज्योतीने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, मॅडम, सोबत येता का? मी म्हणाले, मला टाकीकडे जायचंय. टाकी गच्चीवर आहे. मी तिच्या शेजारून जिना चढून गेले.

ता.क. ३ : मोहनसिंगची जीप माणसांनी भरायला अजून वेळ होता, म्हणून हे पत्र हातात घेऊनच वर गेले आणि ज्योतीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, रागावेल. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं मॅडम. टाकी काय दिवसातून चार डाव बघावी लागती व्हय?” मग म्हणाली, “असं करा, तुमी सामान म्हनून चला. सामान कुटं भितं? बटण दाबा आन् डोळे मिटून उभ्या ऱ्हावा. प्रवासी म्हनून माझं नाव लिवा.” उद्या अकराला ठरलंय. तेव्हा तू ये, पण लिफ्टमध्ये बसायला नको. जिन्याने पुढे जाऊन दुसऱ्या मजल्यावर दारासमोर उभी राहा. मी डोळे उघडेन तेव्हा समोर तू हवी आहेस.