सुदानची पाहुणी आणि लाल गोळ्या

आई, परवा तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी माझ्याकडे फॉर्म घेऊन आली. तिला महिनाभर परदेशातल्या एका मेडिकल कॉलेजात जायचं आहे, जगभरच्या मेडिकल विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेल्या संघटनेतर्फे, आणि फॉर्मवर विभागातल्या शिक्षकाची सही लागते. ती शिक्षिका आता मी आहे. सही दिली, ती गेली, आणि मला तू आठवलीस. या संघटनेबद्दल मी तुला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तू विचारलं होतंस, "यांच्या वर साहेब कोण हाय?" मी म्हणाले, कोणी नाही, सगळे विद्यार्थीच. आपसात ईमेल करतात, आमची मुलं तिकडं जातात, तिकडची इकडं येतात, आरोग्याची कामं काढतात, आणि मग कुठल्या तरी देशात सगळ्यांची सभा भरते. तू स्टोव्हवरचं दूध उतरवलंस आणि म्हणालीस, "मंग सही कोण करतं?" इतकी वर्षं उपकेंद्राची रजिस्टरं भरलेल्या नर्सबाईला बिनसाहेबाचं काम चालतं कसं, याचं खरोखर कुतूहल होतं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी औरंगाबादला शिकत होते आणि तुझी नेमणूक मंठ्याच्या पुढच्या त्या गावात होती. संघटनेतर्फे आमच्या कॉलेजात सुदानची एक मुलगी महिनाभरासाठी आली होती. गरोदर बायका रक्तवाढीच्या लाल गोळ्या का घेत नाहीत, हा तिचा विषय. मी तिला तुझ्या गावी आणायचं ठरवलं, कारण तुझं रजिस्टर तालुक्यात चांगलं मानलं जायचं आणि मला ते मिरवायचं होतं. गावात आधीच बातमी पसरली होती की फॉरेनची मॅडम येणार. एसटीतून उतरली ती डोक्याला रुमाल बांधलेली, आपल्याहूनही काळी मुलगी. शेजारची काकू मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही तर आपल्यावानीच हाय. बराबर फॉरेनचीच हाय ना?"

तिला काय खाऊ घालावं याची तुला दोन दिवस काळजी होती. तू भाकरीसाठी परातीत ज्वारीचं पीठ घेतलंस तर ती उकिडवी बसली, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि हसायला लागली. म्हणाली, आमच्या घरी रोज हेच धान्य. आता बघ, मला ते अजून समोर दिसतं. तू तिला विचारते आहेस आणि मी मध्ये बसून इकडचं तिकडं सांगते आहे. ती सांगते, आम्ही पीठ भिजवून आंबवतो आणि तव्यावर पातळ पसरतो, कागदासारखं. तू म्हणतेस, "म्हंजे आंबिलीच्या पिठाचं धिरडं. किती वेळ आंबवतात? उन्हाळ्यात बी तेवढाच?" दुसऱ्या दिवशी तू पीठ आंबवून ठेवलंस आणि तिनं तुझ्या तव्यावर ते करून दाखवलं. पहिली तीन फाटली. चौथं तू हातात धरून उजेडाकडं बघत राहिलीस.

मग आपण शेतात गेलो. कापूस वेचणीचे दिवस होते, दुपारी बायका बांधावर भाकरी खायला बसल्या होत्या. तू चार पावलांवर एकीला धनुर्वाताचं इंजेक्शन देत होतीस. सातव्या महिन्यातली एक बाई आमच्यासमोर बसली. पाहुणी प्रश्न विचारी, मी मराठीत विचारी आणि उत्तर इंग्रजीत सांगी. गोळ्या का घेत नाही, या प्रश्नावर त्या बाईनं आधी तुझ्या पाठीकडं पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं. वेचायला वाकलं की जास्तच. मागं पडले की मालकीण बोलती. म्हणून मी चुलीत टाकून देते. नर्सबाईला कसं सांगावं, बाई लई रागावतात. त्या विचारतात, घेतल्या का. मी म्हणते, घेतल्या. त्या लिहून घेतात अन् जातात." मी पाहुणीला सांगितलं की ती गोळी घ्यायला विसरते.

तुझी पाठ होती आमच्याकडं. तू इंजेक्शनची जागा कापसानं दाबत मान वळवून म्हणालीस, "ती इतकं बोलली अन् तुझं दोन शब्दांत कसं आटपलं?"

"थोडक्यात सांगितलं."

"काय सांगितलं?"

"विसरते म्हणून."

"ती विसरते म्हणाली का?"

तू उठून आलीस आणि माझ्याशेजारी बसलीस. त्या बाईचं तोंड उतरलं होतं. तू तिच्या गुडघ्यावर हात ठेवलास, पण बोललीस माझ्याशीच. "तिनं भीत भीत सांगितलं अन् तू मधल्या मधी गिळून टाकलं. माझं नाव आलं म्हणून ना? ते बी सांग. आधी तेच सांग." तुझा आवाज चढला नव्हता. मी सगळं सांगितलं, एकेक वाक्य, आणि ते होईपर्यंत तू माझ्या तोंडाकडं बघत होतीस, जणू इंग्रजी कळत होतं. पाहुणीनं लिहिलेलं खोडलं, नवं लिहिलं आणि माझ्यामार्फत तुला विचारलं, आता तुम्ही काय करणार? तू म्हणालीस, "काय करणार? सगळ्यांना पुन्हा विचारते." मग त्या बाईला म्हणालीस, "दुपारच्या भाकरीवर घेऊन बघ. न्हाई जमलं तर न्हाई म्हण. मी रागावणार न्हाई."

तू खरंच घरोघर पुन्हा गेलीस. आम्ही दोघी तुझ्यामागं चाललो. तुझ्या प्रश्नाचा सूर बदलला होता. आधी तू "घेतल्या ना?" असं विचारायचीस, आता "किती उरल्या?" असं विचारायला लागलीस, आणि उरलेल्या गोळ्या डब्यांतून, फडताळातून, एकीच्या तर उशीखालून निघाल्या. त्या महिन्याच्या रजिस्टरात तू उरलेल्या गोळ्या उरल्या म्हणून लिहिल्यास. मीटिंगमध्ये डॉक्टरांनी विचारलं, मागच्या महिन्यात तर सगळ्या घेत होत्या, बाई. तू म्हणालीस, "मागच्या महिन्यात मी नीट विचारलंच न्हाई, साहेब." हे तू मला हसत सांगितलंस. त्याच मीटिंगमध्ये चांगल्या कामाच्या सत्कारासाठी जिल्ह्याला जाणाऱ्या यादीतून तुझं नाव गळालं, हे मला तू गेल्यावर तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मावशींकडून कळलं. मला अजून कळत नाही, त्या बांधावर तुला आपलं काय जाणार आहे याचा अंदाज होता का. आणि त्या बाईचं ऐकताना तुला आधी काय वाटलं, राग की लाज? मी आता मुलामुलींना बायकांशी कसं बोलावं हे शिकवते आणि हे दोन प्रश्न मला दरवर्षी पडतात. तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

पुढच्या वर्षी त्या संघटनेच्या सभेला मी गेले. पहिल्यांदा विमानात बसले. पाहुणी तिच्या देशातून आली होती, दोघींनी मिळून आपल्या गावचं काम मोठ्या कागदावर मांडलं. देशोदेशीची मुलं येऊन वाचत होती, आपल्याकडं काय होतं ते सांगत होती. केनियाची एक मुलगी म्हणाली, आमच्याकडंही बाया हो म्हणतात आणि गोळ्या पुरून टाकतात. परत आले तेव्हा तू किती तरी विचारलंस: तिथं भाताला काय म्हणतात, एवढ्या पोरांना बोलावून आणतं कोण, सभा संपल्यावर भांडी कोण घासतं. मग विचारलंस, "आपलं सगळं सांगितलं का तिथं?" मी हो म्हणाले.

सगळं सांगितलं नव्हतं, आई. आमच्या कागदावर एक ओळ होती की सुरुवातीला दुभाष्यानं उत्तर चुकीचं सांगितलं. ती वाचून एका मुलानं विचारलं, दुभाषी कोण होता? पाहुणी माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, गावातलंच कुणी तरी.