खुर्ची भिंतीकडे

सर, मोहने गावात राहणाऱ्या त्या गिऱ्हाईक काकूंच्या हॉलमध्ये तुम्ही माझी खुर्ची धरून भिंतीकडे फिरवलीत, तिथे माझं सगळं बदललं. कॉलेज सोडलं तेव्हा नाही. तेव्हा मी फक्त सेकंड इयरला प्राध्यापकांच्या टेबलावर आयडी कार्ड आपटून निघालेलो, आणि घरी आई बोलेना म्हणून कोपरला तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसायला लागलेलो. तुम्ही काही विचारलं नाहीत. "बस, पण पाय हलवू नकोस, टेबल हलतं," एवढंच म्हणालात.

काकूंच्या कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नव्हती. जिथे जावं तिथे ब्राउझर सांगतोय, हे कनेक्शन सुरक्षित नाही. "व्हायरस आहे, फॉरमॅट मारतो," माउसवर हात ठेवत मी म्हणालो. त्या दिवसांत माझ्याकडे सगळ्यावर तोच इलाज होता. काकू घाबरल्या, "अरे, नातवाचे फोटो आहेत रे त्यात!" तुम्ही शांतपणे विचारलंत, "घरात उंदीर आला तर घर पाडतोस का?" आणि माझी खुर्ची भिंतीकडे. तुमचीही तिच्या शेजारी. माउसपाशी काकू. "काकू, दिसेल ते सगळं वाचा, आम्ही ऐकतो." आपण दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखे कॅलेंडरकडे बघत बसलेलो, मला संताप आलेला, आणि तुम्ही मध्येच म्हणताय, "काकू, दोनदा टिकटिक झालं, एकदाच दाबा." वाचत वाचत त्या कोपऱ्यातल्या तारखेपाशी आल्या तसे तुम्ही भिंतीकडे बघूनच हसलात. कॉम्प्युटरमध्ये साल कधीचं तरी जुनं होतं. आतला बटणाएवढा सेल संपलेला, घड्याळ मागे गेलेलं, म्हणून ब्राउझरला खऱ्या साइटही खोट्या वाटत होत्या. सेल बदलला, तारीख लावली, सगळं सुरू. जिन्यात मी भांडलोच, "सर, वळून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं."

"कळलं असतं की. पण कोणाचं कपाट उघडं राहिलं असेल तर आपण तोंड फिरवतो ना, महाराज? हेही त्यांचं कपाटच. आणि तुला ऐकून घ्यायची सवय नाही. ती लागेल."

लागली, सर. हळूहळू लागली. तुम्ही गेल्यावर मी दुसऱ्या दुकानात लागलो, तिथली पोरं माझ्यावर हसतात, "हा बघ, भिंतीशी बोलून रिपेअर करतो." पूर्वी एकेकाची कॉलर धरली असती. आता मीही हसतो. तुमच्याएवढा शांत माणूस मी पाहिला नाही, आणि तुमच्यासारखं व्हावं असं मला वाटतं हे तुमच्यासमोर कधी बोललो नाही.

आज दुपारी शहाडला गेलेलो, तिच्या घरी. ती म्हणजे कॉलेजमधली. तिचा फोन आला की मी दुकानाबाहेर जायचो आणि तुम्ही पंख्याचा आवाज वाढवायचात, म्हणजे तुम्हाला माहीत असणारच. इतकी वर्षं नुसते फोन. आज विचारायचंच ठरवून नवीन शर्ट घातलेला. तिच्या कॉम्प्युटरवर सारख्या चौकटी उगवत होत्या, तुम्हाला व्हायरस झालाय, तुम्हाला बक्षीस लागलंय. मी सवयीने खुर्ची बाल्कनीकडे फिरवली.

"हे काय नवीन? रुसलास का?"

"आमच्या सरांची पद्धत आहे. तू वाच, मी ऐकतो."

आधी तिला स्कॅन करायला लावलं, व्हायरस निघाला नाही. घरातल्या कोणीतरी घाईत भलत्याच साइटना 'हो, मला कळवत जा' म्हणून परवानगी दिलेली, बाकी काही नाही. तिला सांगितलं, चौकट आली की वाचायची आणि दोनदा दाबायचं. पहिल्या टिकने मेनू उघडतो, दुसरीने ती साइट कायमची गप्प. ती वाचत होती, हसत होती, टिक, टिक. मग एकदम थांबली.

"काय आलं?"

"तुमच्यासाठी नवीन स्थळ." आवाज बारीक झालेला.

स्वयंपाकघरातून तिची आई ओरडली, "अगं, ते बंद करू नकोस हां! मीच चालू केलंय. ठाण्याच्या मुलाकडून उत्तर यायचंय!"

पूर्वीचा मी असतो तर खुर्ची लाथाडून उठलो असतो. समोर बाल्कनीत तिची ओढणी वाळत होती. त्या ओढणीकडे बघत राहिलो.

"काढू का रे हे?" तिने अगदी हळू विचारलं.

"तो व्हायरस नाहीये," मी म्हणालो. "तुझं तू ठरव."

मला माहीत होतं, ती कॉम्प्युटरबद्दल विचारत नव्हती. पण तिच्या कपाटात मी हात घालणार नव्हतो.

तुमच्या दुकानाच्या जागी आता केकवाला आहे, त्यामुळे हे पत्र टाकायला पत्ताही नाही. पण तुमच्याशी खोटं बोलत नाही. तुम्ही असतात तर शेवटपर्यंत ऐकत बसला असतात. मला नाही जमलं. पहिली टिक ऐकली. मग नुसता पंखा. स्वयंपाकघराकडे "येतो काकू," म्हणत उठलो, तिच्याकडे न बघता चपला हातातच घेतल्या, आणि दुसरी टिक येतेय की नाही हे कळायच्या आत बाहेर पडून दार ओढून घेतलं.