गुरुवारची दुभाषी

१४ ऑक्टोबर, मंगळवार
एल्वियोचा फोन. हा गुरुवार शेवटचा! पुतणी मार्तिना शिकून परत आली आहे, तिला जर्मन येतं. यापुढे पाहुण्यांना तीच वाइन दाखवणार. "आता तुम्हाला उगीच त्रास नको, ओरिएत्ताबाई." त्रास! सात वर्षं दर गुरुवारी मी जर्मन पाहुण्यांना आधी आमचं ओर्व्हिएतो गाव दाखवते आणि मग त्याच्या वाइनच्या तळघरात घेऊन जाते. तो बोलतो, मी जर्मनमध्ये सांगते. याला हा त्रास म्हणतो!

मी "बरं" म्हटलं. आणि भांडी घासत बसले. घासलेलीच.

१५ ऑक्टोबर
लोरेत्ता म्हणते, "केस रंगवून घे, ताई. तो बघणार पिंपाकडेच, पण पिंपाला तरी बरं वाटेल." सख्खी बहीण आहे ही!

१६ ऑक्टोबर, गुरुवार
हानोव्हरचे बाराजण. सकाळी कॅथेड्रल. मग अडीचशे पायऱ्यांची जुनी विहीर — खाली जाताना सगळे उत्साहात, वर येताना एकजण म्हणाला, "बाई, हे आधी सांगायचं होतंत." मी दरवेळी आधी सांगते. आज विसरले. चित्त कुठे होतं थाऱ्यावर!

दुपारी मळ्यात. धुकं होतं. एल्वियो बुरशी धरलेली द्राक्षं एकेक करून खुडत होता, गोड वाइनसाठी. बायको जाऊन दहा वर्षं झाली, तरी शर्टाचं वरचं बटण तुटलेलंच. मी ते शिवून देईन, असं सात वर्षांत एकदाही म्हणू शकले नाही. इटालियनमध्ये नाही.

जर्मनमध्ये मात्र मी काय वाटेल ते बोलते. ही माझी लबाडी, आजवर इथेही लिहिली नव्हती. एकदा सहज सुरू झालं आणि मग जडलंच. तो वाइनचं सांगतो, ते मी सांगते, आणि शेवटी आपलं एखादं वाक्य घालते. त्याच्या समोर उभी राहून. त्याला एक अक्षर कळत नाही!

आज तळघरात बांध फुटला. तो म्हणाला, "तळघर दगडात खोदलंय, वर्षभर सारखंच गार असतं." मी तेवढं सांगितलं, आणि पुढे — या माणसावर माझा जीव आहे. शुक्रवार उजाडला की मी पुढच्या गुरुवारची वाट बघते. आज शेवटचा गुरुवार आहे. त्याच्याकडे बघू नका, पिंपाकडे बघा.

बाराही जण पिंपाकडे बघत राहिले. हेडविग नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी डोळे पुसले.

एल्वियो म्हणाला, "मी तर फक्त गारव्याचं सांगितलं. एवढं काय बोललात?"

"तपशील दिला."

"चांगला असणार तपशील," तो म्हणाला आणि ग्लास पुसायला लागला.

निघताना हेडविगबाईंनी माझा दंड धरला. "त्यांच्या भाषेत सांगा ना, बाई."

"त्या भाषेत मला धीर नाही," मी म्हटलं. खरंच नाही. त्या भाषेत तो "नाही" म्हणू शकतो.

त्याने हात मिळवला. "काळजी घ्या." बस सुटली. मागे वळून बघितलं तर तो आत गेला होता.

१७ ऑक्टोबर
काही नाही. वारा.

१९ ऑक्टोबर, रविवार
मेसेज लिहिला — "तुमच्या शर्टाचं बटण." पुसला. पुन्हा लिहिला. पुसला. चोपन्न वर्षांची बाई! लोरेत्ताने डुकराचं मटण केलं होतं, चवच लागली नाही. तिने चक्क टोमणा मारला नाही. मग तर रडूच आलं. मला तो हवा आहे. बस, एवढंच आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
दारात एल्वियो! मळ्यातलेच बूट, हातात टोपी. म्हणाला, "ओरिएत्ताबाई, तरुणपणी मी नऊ वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला कारखान्यात होतो."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "मग सात वर्षं गप्प का बसलात?"

"बोललो असतो तर तुम्ही बोलायचं थांबवलं असतं." मग घसा खाकरला. "पण एक चूक होते तुमची. जर्मनमध्ये 'वाट बघते' म्हणताना मध्ये एक बारकासा शब्द लागतो. तो तुम्ही कायम गाळता."

आणि ते वाक्य त्याने जर्मनमध्ये मला म्हणून दाखवलं. सावकाश. बिनचूक. त्यात 'गुरुवारची' नव्हतं, 'तुमची'ही नव्हतं, 'तुझी' होतं.