आण्णांचं मशीन

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
दवाखान्यात सगळ्या मशीनना हळदकुंकू. सिस्टरना बजावलं, पाठची जाळी सोडून कुठंही लावा. ऐकलं. सूसला खोलीवर आले तर घरमालकीण काकींनी त्यांच्या यजमानांच्या, आण्णांच्या ऑक्सिजन मशीनचीही यथासांग पूजा केलेली! झेंडूचा हार, वर नवा खण. मशीन तापलेलं. सगळं काढलं. काकी फुरंगटल्या. "देवाचं हाय, काडू न्हाई."

३ ऑक्टो.
आण्णांच्या बोटावरचा, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८६. एरवी ९३. काकी म्हणतात, "मशीन तर चालू हाय की." हीच तर भीती. मशीन घुमत राहतं आणि नळीतून जवळजवळ साधी हवा येते, कानाला काही कळत नाही. दवाखान्यातून गॅस मोजायचं मीटर आणलं. नळीतला ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या वर हवा, ७४ भरला. पाठची जाळी कुंकवानं बुजलेली, आत पाकळ्या. खण काढला तेव्हाच उघडायला हवं होतं. आण्णा तूर्त सिलिंडरवर.

४ ऑक्टो.
जाळी बदलली. मीटरवर ८८. पुन्हा मशीनवर घेतलं. पण हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे आतले दाणे बिघडले असले तर? नवे दिवाळीनंतर येणार. आण्णा धापा टाकत चेष्टा करतात. "चार वर्सं शिकून मेकॅनिकच झालीस की." म्हटलं, मेकॅनिकच. फक्त गाडी बंद पडली की माणूस उतरून चालत जातो.
ते हसले, मग खोकला. चेष्टा माझीच मला लागली.

१२ ऑक्टो.
मीटरवर ८५. कामावर दहा मशीन तपासते, सह्या करते, डोक्यात हे एकच. घरी आले की आधी नळीला मीटर लावते.

१७ ऑक्टो.
उद्या लातूरची गाडी. आईचे फोनवर फोन. मीटर दवाखान्याचं, आज परत दिलं. काकींना शिकवलं: बोटाचा आकडा ८८च्या खाली गेला की सिलिंडर लावायचा, चावी अशी फिरवायची. दोनदा उलटी फिरवली, तिसऱ्यांदा जमलं. म्हणाल्या, "जा पोरी, आई वाट बगत आसंल. आता भ्यायाचं काम न्हाई ना?"
"नाही," म्हणाले. भीती वाटतेय. खूप.
तिकीट रद्द केलेलं नाही. बॅगही भरलेली नाही. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येतोय, अगदी व्यवस्थित.