बिनशेपटीचा पंख

१० जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सकाळी एकदम तो आवाज आठवला. चर्रर्र! माझ्या तिसरीच्या पुस्तकातलं कवितेचं पान तू फाडलंस, तो. त्याचा बाण केलास आणि गच्चीवरून सोडलास. मी भोकाड पसरलं. ती कविता मग वर्गात ऐकून ऐकून पाठ करावी लागली. अजून तोंडपाठ आहे. पान मात्र शेजारच्यांच्या कौलांवरून गेलं ते गेलंच. काय सुरेख गेलं पण!

सध्या तसलंच काहीतरी करतोय. बाल्सा म्हणून लाकूड मिळतं, हातात घेतलं तरी हात रिकामाच वाटतो. त्याचं ग्लायडर. इंजिन नाही, धड नाही, शेपूट नाही; नुसता मागे झुकलेला पंख. त्याच्या फासळ्या कापून टेबलावर मांडल्या, तर प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभी केलेली मुलंच वाटली. शेपटीचं काम मागच्या कडेच्या दोन पट्ट्या करतात. जमिनीवरून रिमोटने त्या हलवायच्या.

आता रडगाणं. माझे हात थरथरतात म्हणून आमच्या छोट्या विमानांच्या क्लबच्या सेक्रेटरीने मला मैदानावर रिमोट धरायची बंदी केली. म्हणाला, आजोबा, तुम्ही बनवा, उडवू आम्ही. चिरंजीवांनी फोनवरून त्याचीच री ओढली, वर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बजावून ठेवलं की बाबांना साथ देऊ नका. म्हणजे कविता लिहायची मी आणि व्यासपीठावर म्हणायची यांनी! माझा पंख मीच उडवणार, आणि याच हातांनी.

तुझा गुडघा कसा आहे? तुझी सून, ती जेलरीणबाई, तुला अंगणापर्यंत तरी सोडते का? मीठ मोजून देते म्हणालीस; उद्या हवाही मोजून देईल.

लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझा
धाकटा

२२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पान मी फाडलं, कबूल. पण तू ते अजून उगाळतोस! तुझा मुलगा वाईट काय बोलला? जिन्यावरून पडलास तेव्हा उशाशी तोच बसला होता ना? उडवू देत त्या क्लबातल्या पोरांना. तू खुर्ची टाकून बस आणि बघ. आपली वयं काय, आपण करतोय काय!

आणि हो, माझ्या डोळ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. तुझी पत्रं मला सूनबाई वाचून दाखवते, आणि मी सांगते ते लिहूनही तीच घेते. जेलरीणबाईपाशी ती थांबली, पाणी प्यायली आणि पुढे वाचू लागली. मी पोट धरून हसले. ती नाही.

औषध वेळेवर घे, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील.

तुझी
ताई

ता. क. मामा, मीठ डॉक्टर मोजतात. मी फक्त चमचा धरते. – लिहिणारी

२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न., आणि लिहिणारीस खाली मान घालून नमस्कार. सूनबाई, तो शब्द मागे घेतला. मिठाबद्दलचं मत मात्र कायम.

काल पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर गेलो. तिथे वारा उतारावरून वर चढत येतो. एका हातात रिमोट धरून दुसऱ्याने पंख फेकला. त्याने नाक वर केलं, मागच्या मागे कोलांटी घेतली आणि झुडपात. तोल बोटभर मागे राहिला होता. शेपूट असती तर तिने सांभाळून घेतलं असतं. नुसत्या पंखाला एवढीही चूक चालत नाही. घरी येऊन नाकात शिसं भरलं आणि मोडलेल्या फासळ्या नव्या कापल्या.

थरथरीचाही बंदोबस्त केलाय. रिमोटची काडी मध्याच्या आसपास कितीही नाचली तरी पट्ट्या जेमतेम हलतात. खरंच वळायचं असेल तेव्हा ती लांब रेटायची. हाताने हवं ते बडबडावं, पंखाने मुद्द्याचं तेवढं ऐकावं!

अडलंय ते फेकण्यापाशी. फेकून माझा हात काडीवर येईपर्यंत पंख कुशीवर वळलेला असतो. फेकायला दुसरं माणूस हवं. वाण्याला विचारलं, शिंप्याला विचारलं. दोघेही गोड हसले आणि चिरंजीवांचं नाव सांगून मोकळे झाले. ठीक आहे. पंधरा तारखेच्या रविवारी एकटा जाईन. पडेल. पुन्हा जोडीन. पुन्हा जाईन. खुर्ची टाकून बघायला ते काही नाटक नाही.

रागावलीस तरी लोभातून वजा करू नकोस.

तुझा
धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि कानाला एक पीळ.

हट्टी मेल्या, गुडघा धड असता तर मीच आले असते. फेकायला की तुला बदडायला, ते तिथे आल्यावर ठरवलं असतं.

सूनबाईला म्हटलं, तूच चार शब्द लिहून समजाव त्याला. तर तिने तुझं पत्र पुन्हा वाचायला घेतलं, मनातल्या मनात. मग विचारते, मामांनी शिसं किती भरलं असेल? मला मेलीला काय कळतंय! परवा तुझ्या मुलाचा तिला फोन आला होता, बराच वेळ चालला. काय ठरलं ते मला सांगत नाही, आणि हे वाक्यही मुकाट्याने लिहून घेते आहे. जपून राहा.

तुझी काळजी करून थकलेली
ताई

१५ फेब्रुवारी, रविवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निघण्यापूर्वी चार ओळी. वारा उत्तम आहे. पंख चादरीत गुंडाळून ठेवलाय. काल चिरंजीव फोनवर म्हणाले, बाबा, तो रिमोट आता कुलपात जाणार. मी म्हटलं, कुलूप लावायला या, किल्ली हिसकावून घेण्याइतके हात अजून चालतात. आणि फोन ठेवून दिला.

बेल वाजली. बघून येतो.

ताई, दारात तुझी सून! खांद्याला बॅग, पायात बूट. बस म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, भावजींनी रिमोट ताब्यात घ्यायला पाठवलंय. मी रिमोट पाठीमागे लपवला. तिने हात पुढे केलाच नाही. वाकून चादर सोडली, पंखाखाली दोन बोटं लावून तोल पाहिला आणि म्हणाली, रिमोट मी नेणारच आहे मामा, पण संध्याकाळच्या गाडीने. तोवर हे फेकताना धरायचं कुठून, ते दाखवा.

संध्याकाळचं संध्याकाळी बघून घेईन. ती पायऱ्या उतरलीसुद्धा, पंख घेऊन. पत्र अर्धंच टाकतो, लोभ पुरा ठेव.

तुझा
धाकटा