मोशीला राहिलेला कोट

तीर्थरूप आबांस,

कार्तिक लागला. पहाटे सायकलचं हँडल धरवत नाही इतकं गारठतं आणि दुपारी पाठ भाजते. असल्या हवेत कपडे कसे घालावेत ते तुम्हालाच कळायचं. शिवाय एक बोलणं अडलंय. म्हणून हे पत्र.

बंडी, तिच्यावर सदरा, वर जुना सदरा, मग कोट, डोक्यावरून घोंगडी! महाळुंग्याहून दुधाचे कॅन घेऊन निघताना तुम्ही गाठोड्यासारखे दिसायचात. ऊन चढेल तसा एकेक कपडा उतरायचा. घोंगडी चाकणला सायकलवाल्याकडे, कोट मोशीला गणूमामांच्या चहाच्या हॉटेलात. पिंपरीच्या कॅम्पात दूध घालताना नुसत्या सदऱ्यावर. संध्याकाळी गारवा वाढेल तसं सगळं गोळा करीत घरी. मला लाज वाटायची. कॉलेजात जात होतो ना मी!

कॉलेज कसं सुटलं ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रोफेसर "बैस खाली" म्हणाले, तेवढ्यावरून भडकून मी बाहेर पडलो. तुम्ही एक थोबाडीत तरी द्यायची होतीत! एवढंच म्हणालात, "आधी कामाला लाग. पुढल्या तुळशीच्या लग्नानंतर गणूकडं त्याच्या सुमनसाठी शब्द टाकतो." पुढल्या वर्षाचा भरवसा कुणी दिला होता, आबा?

माघात कॅम्पात तुमच्या छातीत कळ आली. तुम्हाला ट्रकमधून घरी आणलं. ट्रक मोशीला थांबला नाही. कोट मामांच्या खुंटीवरच राहिला.

आता रतीब मी घालतो. कॅम्पातून जाड स्वेटर घेतलाय, आत फाटकी गंजी. काल ऊन चढल्यावर हॉटेलात निथळत बसलो होतो. सुमन कपबशा विसळत म्हणाली, "काढा की त्यो. उकडून मरायचंय का?"

काढतो कसा? आत भोकंच भोकं! "थंडी वाजतीय," म्हणालो.

"व्हय, दिसतीय. नाकावरनं गळतीय."

मामा हसले. "आरं, पातळ घाल आन् वर बापाचा कोट चढव. ने की त्यो. किती दिस टांगून ठिऊ?"

डोकं फिरलं माझं. "जड झालाय का तुमच्या खुंटीला?" ओरडलोच.

कोट नेला तर रोज थांबायला निमित्त काय उरतं, हे त्यांना कसं सांगणार?

सुमननं कोट झटकून माझ्यासमोर ठेवला. "आबा करायचे तसं करा. सकाळी ठिवा, सांजंला न्या." मग हळूच म्हणाली, "रोज."

आई म्हणते, बाप गेल्यावर मुलाचं लग्न वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सुमनला तीन वर्षं कोण ठेवतंय? तुळशीचं लग्न लागलं की चिखलीचे पाहुणे तिला बघायला येणार. शब्द टाकायला चुलते आहेत, पण बांधावरून त्यांच्याशी मीच भांडून बसलोय.

तेव्हा उद्या मीच मामांना विचारणार. मुलानं स्वतः मुलगी मागायला जायचं, असं आपल्याकडं कुणी केलं नाही. लोक हसतील. हसू देत. आवाज चढवणार नाही, हे वचन. नाही म्हणाले तर हात जोडून उठेन, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारीन. पाहुणे येईपर्यंत रोज विचारीन.

आपला,
दत्तू